मुलाला वाढीच्या तपासणीला नेण्याआधी घरी करायची तयारी

कोकणातल्या पुष्कळ घरांत बाप मुंबईला नोकरीत आणि मूल वाडीवर आजीजवळ, अशी स्थिती असते. म्हणून पहिली तयारी कागदांची नव्हे, माणसांची करावी. मुलाचा सारा दिवस ज्या व्यक्तीच्या डोळ्यांसमोर जातो, तिने तपासणीला जाणे आवश्यक आहे. गणपतीला चार दिवस आलेल्या चाकरमान्याने ‘चांगला तर आहे’ म्हणून दिलेला निर्वाळा डॉक्टरांच्या उपयोगाचा नसतो.

त्यानंतर मुलाचे वय पूर्ण महिन्यांत लिहून काढावे. बाळ वेळेआधी जन्मले असल्यास जितके आठवडे आधी जन्मले तितके वयातून वजा करावेत; चाळिसाऐवजी बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले दहा महिन्यांचे बाळ साधारण आठ महिन्यांचे समजून तपासले जाते, आणि ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करतात. हे न केल्याने काही घरे विनाकारण घाबरतात. पण त्याच सबबीवर अडीच वर्षांच्या मुलाची तपासणी लांबवणे हीसुद्धा चूकच.

आता वहीचे एक पान निरीक्षणासाठी ठेवावे. तीन महिने पूर्ण होऊनही बाळ माणसाकडे पाहून हसत नाही, पाच महिन्यांचे झाले तरी मान सावरत नाही, नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचे होऊनही ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज काढत नाही किंवा टाटा करत नाही, दीड वर्षाचे होऊनही चालत नाही वा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नाही, दोन वर्षांचे होऊनही ‘पाणी दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, यांपैकी जे दिसेल ते तारखेसह नोंदवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मुले स्वतंत्रपणे चालू लागण्याचा काळ साधारण आठ ते अठरा महिने असा आढळला, तेव्हा शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले एवढ्यावरून घाबरू नये. वर्षाच्या आत बाळ सतत एकच हात वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार ढिले वाटत असेल, हाक मारली तरी वळत नसेल, हेही लिहावे. मात्र येत असलेली गोष्ट, मग ती बोलणे असो, नजर मिळवणे असो वा खेळणे, मूल विसरू लागले, तर वही बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

‘याचा बापूससुद्धा उशिरा बोललेला’, हे वाक्य या किनाऱ्यावर फार चालते. ते खरेही असेल, पण कान तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये; ऐकू येत नसल्यास बोलणे रखडते, आणि कानांची तपासणी नवजात बाळाचीही करता येते. घरात मालवणी आणि प्रमाण मराठी दोन्ही कानांवर पडतात म्हणून मूल मुके राहत नाही. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायचे तर जरूर घालावे, मात्र कौल मिळेपर्यंत तपासणी थांबवू नये.

दवाखान्यात अनोळखी माणसे पाहून मूल बिथरते, म्हणून घरच्या पडवीतले एकेक मिनिटाचे तीन-चार व्हिडिओ फोनमध्ये असावेत: जेवताना, खेळताना, आणि पाठीमागून नावाने हाक मारल्यावर ते काय करते याचा. मोबाईलवरचे गाणे दाखवून हसवलेला व्हिडिओ कामाचा नाही.

कागदांत प्रसूतीनंतरचे डिस्चार्ज कार्ड आणि माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे. जन्मवजन, बाळ लगेच रडले की उशिरा, काचेच्या पेटीत ठेवले होते का, जास्त कावीळ किंवा झटके आले होते का, आईवडील लग्नाआधीपासून एकमेकांच्या रक्ताच्या नात्यातले आहेत का, याची उत्तरे आधीच जुळवून ठेवावीत.

कुठे जावे याचा प्रश्न पडल्यास आशाताईंना विचारावे. तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना त्यांची घरभेट ठरलेली असते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येण्याची तरतूद आहे, आणि पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची, योजना आहे. पथकाची तारीख दूर असेल तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पावसाळ्यात घाटरस्त्याची एसटी चुकते, म्हणून आदल्या दिवशी वेळ विचारून घ्यावी, मूल झोपेच्या वेळी तिथे पोहोचणार नाही असे पाहावे, आणि त्याचे रोजचे खेळणे व खाऊ पिशवीत वरच ठेवावा.