जुन्या गेम्ससाठी स्वस्तातला लॅपटॉप घेताय? आधी हे बघा

लॅपटॉपच्या दुकानात गेलात की दुकानदार आधी ग्राफिक्स कार्डचंच सांगणार, पण जुने निन्टेन्डो, सेगा, प्लेस्टेशन १ या गेम मशीनवरचंच खेळायचं असेल तर त्याची गरजच नाही, इम्युलेटरचा, म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, जवळजवळ सगळा भार प्रोसेसरवर असतो आणि तोही एकेका कोरच्या (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागाच्या) स्पीडवर. म्हणून इंटेलच्या नवीन दोन कोरवाल्या स्वस्त सेलेरॉन प्रोसेसरपेक्षा सेकंडहँड ऑफिसवाला आय५ घ्या, आठव्या जनरेशनचा, म्हणजे ८२५०यू वगैरे, त्यात ४ कोर मिळतात आणि प्लेस्टेशन २ चे हलके गेमसुद्धा बऱ्यापैकी चालतात. रॅम ८ जीबी, शक्यतो ४-४ च्या दोन पट्ट्या, कारण इनबिल्ट ग्राफिक्स तीच रॅम वापरतं. हार्डडिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान स्टोरेज, हवीच.

पैसे द्यायच्या आधी पेनड्राइव्हवर रेट्रोआर्च नावाचं इम्युलेटर ॲप टाकून न्या, आपल्याकडच्या सीडीवरून काढलेला एखादा गेम लावा आणि चार्जर लावून पंधरा मिनिटं खेळा. आवाज तुटायला लागला की समजायचं मशीन गरम होऊन स्लो पडतंय, तो लॅपटॉप सोडून द्या. कीबोर्डवर दोन ॲरो आणि एक बटण एकदम दाबून बघा, बऱ्याच लॅपटॉपमध्ये तिसरं बटण लागतच नाही, मग उडी मारताना पात्र खड्ड्यात! त्यापेक्षा साधा यूएसबी कंट्रोलर घ्याच, खरी मजा त्यातच आहे.