चार्टवर रेंज सिलेक्ट होत नाही? आधी या चुका तपासा

शीतगृहातल्या तापमानाचा लॉग दाखवणारं एक ॲप्लिकेशन आम्ही एका ग्राहकाला दिलं होतं. सी शार्प, विनफॉर्म्स (विंडोज ॲप्लिकेशन बनवायची लायब्ररी) आणि मायक्रोसॉफ्टचा तो जुना चार्ट कंट्रोल (आलेख काढणारा तयार घटक), जो डॉट नेट ४.० पासून फ्रेमवर्कमध्येच मिळू लागला. दुसऱ्याच दिवशी फोन आला, "साहेब, रेंज निवडायला माउसने ओढतोय, पण निवडलेल्या भागाचा पट्टा उमटतच नाही." माझ्या मशीनवर तर छान उमटत होता! फरक इतकाच, की मी महिन्याभराचा डेटा घेऊन टेस्ट केली होती आणि त्यांनी सकाळचे ८ ते १० एवढेच दोन तास उघडले होते.

गोम होती कर्सरच्या ‘इंटरव्हल’मध्ये, म्हणजे कर्सर किती अंतराच्या टप्प्याने सरकतो त्यात. आपण काही सांगितलं नाही तर ‘कर्सरएक्स’चा (एक्स अक्षावरच्या कर्सरचा) इंटरव्हल १ असतो आणि सिलेक्शनची दोन्ही टोकं त्याच्या पटीत जाऊन बसतात. साध्या आकड्यांच्या अक्षावर हे खपून जातं. तारखांच्या अक्षावर मात्र आत तारीख नसतेच, असतो तो ओएडेट: ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेले दिवस, डबलमध्ये (दशांशासकटच्या आकड्यात). म्हणजे १ म्हणजे अख्खा दिवस. एक तास ०.०४१७, एक मिनिट ०.०००७च्या आसपास. सकाळचे आठ आणि सकाळचे दहा दोन्ही एकाच मध्यरात्रीला जाऊन चिकटतात; पट्ट्याची रुंदी शून्य. इंटरव्हल शून्य करा, प्रश्न मिटला. नोंदी ठोक मिनिटाला येत असतील तर मी इंटरव्हल १ च ठेवून ‘इंटरव्हलटाइप’ (त्याचं एकक) मिनिटांवर ठेवतो, म्हणजे टोक दोन नोंदींच्या मध्ये लोंबकळत नाही.

दुसरी तक्रार याच्या उलट असते: पट्टा उमटतो, पण माउस सोडताच चार्ट झूम होतो आणि पट्टा गायब. हा बग नाही. अक्षाचा दिसणारा भाग ठरवणाऱ्या ‘स्केलव्ह्यू’चं ‘झूमेबल’ मुळातच चालू असतं. फक्त निवड हवी असेल तर ते बंद करा. दोन्ही हवं असेल तर टूलबारवर स्पष्ट दिसणारं बटण द्या. ‘शिफ्ट दाबून ओढा’ हे मॅन्युअलमध्येच राहतं, कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग येतात उजवीकडून डावीकडे ओढणारे. आणि ते बहुतेक सगळेच असतात, कारण ताजा डेटा उजव्या टोकाला असतो, हात तिथूनच सुरू होतो. अशा वेळी ‘सिलेक्शनस्टार्ट’ (ओढणं सुरू झालं ते टोक) मोठा आणि ‘सिलेक्शनएंड’ (संपलं ते टोक) लहान येतो. तुमचा फिल्टर ‘स्टार्टपेक्षा मोठे आणि एंडपेक्षा लहान’ असा असेल तर हाती शून्य नोंदी लागतात, एररही येत नाही. दोन्हींतला मिन आणि मॅक्स घेऊनच पुढे जा.

पण त्याआधी नॅन (‘नॉट अ नंबर’, म्हणजे आकडाच नाही) तपासा. सिलेक्शन नसेल तेव्हा दोन्ही किमती नॅन असतात. नॅन कशाच्याही बरोबर आहे का असं विचारलं तरी उत्तर ‘फॉल्स’, अगदी नॅनच्या बरोबर आहे का विचारलं तरी! म्हणून ‘बरोबर बरोबर नॅन’ असं लिहिलेली अट कधीच लागत नाही (माझा अर्धा दिवस यात गेलाय). ‘डबल’चं ‘इजनॅन’ वापरा. नाहीतर ते नॅन तसंच ओएडेटची तारीख करणाऱ्या ‘फ्रॉमओएडेट’ला जातं आणि ॲप्लिकेशन ग्राहकासमोर अपवाद (एक्सेप्शन) फेकतं.

एक्स अक्षावर महिन्यांची नावं असतील तर वेगळीच गंमत. मजकूर दिला की प्रत्येक बिंदूची ‘एक्सव्हॅल्यू’ शून्य असते आणि चार्ट त्यांना १, २, ३ अशा जागा देतो. त्यामुळे एक्सव्हॅल्यूवर फिल्टर लावून काहीच सापडत नाही. डावं टोक वरच्या पूर्णांकाकडे, उजवं खालच्या पूर्णांकाकडे न्या आणि दोन्हींतून १ वजा करा, कारण बिंदूंची यादी शून्यापासून मोजली जाते.

निवडलेल्या रेंजच्या सरासरी-बिरासरीचं जड काम ‘सिलेक्शनरेंजचेंजिंग’ इव्हेंटमध्ये टाकू नका. तो ओढताना सारखा वाजतो. ‘सिलेक्शनरेंजचेंज्ड’ पुरतो.

चार्ट लाइव्ह असेल, म्हणजे नवा डेटा येत राहत असेल, तर निवडलेल्या नोंदींचे इंडेक्सही (यादीतले क्रमांक) साठवू नका. पुढून जुना बिंदू काढला की सगळे इंडेक्स एकेकाने सरकतात आणि काल ८ ते १० निवडलेलं आज गुपचूप भलत्याच वेळेची सरासरी दाखवतं. अक्षावरच्या किमती साठवा आणि दर वेळी त्यांवरून नोंदी नव्याने शोधा.