पुढचे पाय फुटले की बेडूकमासे का मरतात

आमच्याकडे भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, पाण्यात बेडूकमासे वळवळतात. पोरांसाठी थोडे प्लास्टिकच्या घमेल्यात आणले. पाणी विहिरीचंच. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, त्यातलं क्लोरीन त्यांच्या कल्ल्यांना सोसत नाही. खायला उकडलेली पालक, तीही चिमूटभर, नाहीतर पाणी नासतं.

मागचे पाय आले तोवर छान चाललं. पुढचे पाय फुटले आणि पिल्लं मरू लागली. मुलगी रडायची, मलाही बघवेना. या टप्प्यावर कल्ले जातात, फुप्फुसं कामाला लागतात. उभ्या कडेवर चढता आलं नाही की पिल्लू दमून बुडतं.

मग घमेल्याची एक बाजू विटेवर टेकवली. खालच्या बाजूला बोटभर पाणी ठेवलं, वर चढायला जुन्या कवेलूचा तुकडा उतरता लावला. वरून मच्छरदाणीचं कापड बांधलं. मरण थांबलं.

शेपटी जिरत असताना ते खात नाहीत, तिच्यातूनच पोषण मिळतं. तेव्हा पालक बंद करा. शेपटी गेली की आणलं त्याच बांधीत, संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडा. इतक्या लहान बेडकांना लागणारे बारीक जिवंत किडे घरी पुरवणं जमत नाही.