डॉक्टर हू: जुनं पात्र परतण्याआधी किती जुनं बघायचं?

इंदुरात रामबागेत किंवा लोकमान्य नगरात सहा-आठ जण जमवून 'डॉक्टर हू'चा, म्हणजे चेहरे बदलत काळात भटकणाऱ्या डॉक्टरच्या बीबीसी मालिकेचा, नवा भाग बघायचं ठरलं, की पहिला प्रश्न ठरलेला: आधीचं सगळं बघावं लागेल का? नाही. 1963 ते 1989 या काळातले भागच सातशेच्या घरात आहेत. त्यातही 1960 च्या दशकातले कित्येक बीबीसीने टेप पुसल्यामुळे चित्ररूपात उरलेलेच नाहीत, त्यांचा फक्त आवाज मिळतो. एका परतणाऱ्या पात्रामागे एक जुनी कथा, तिचाही बऱ्याचदा नुसता शेवट, एवढी उजळणी पुरते.

निरोप धाडताना एक खाच सांभाळा. या मालिकेला 'सीझन 1' तीन आहेत: 1963 चा, 26 मार्च 2005 ला मालिका नव्याने सुरू झाली तो, आणि 2024 चा. 'सीझन एक, भाग सहा बघून या' एवढंच ग्रुपवर टाकलंत तर निम्मी मंडळी एक बघून येतील आणि निम्मी भलतंच. आकडा नको, साल आणि नाव लिहा. जुन्या कथा साधारण 25 मिनिटांच्या चार भागांत असतात, काही सहा भागांत. म्हणजे एका कथेला शंभर मिनिटं धरा, आणि ती नव्या भागाच्याच बैठकीत लावू नका, मंडळी पेंगतात. आदल्या रविवारी उरकून टाका.

आता कोणासाठी काय. डॉक्टरची जुनी सोबतीण सारा जेन स्मिथ 2006 च्या 'स्कूल रियुनियन'मध्ये परत येते. तिच्यासाठी 1976 च्या 'द हँड ऑफ फिअर'च्या चौथ्या भागाची शेवटची काही मिनिटं पुरतात. डॉक्टरला त्याच्या ग्रहावरून बोलावणं येतं, तिला तिथे नेता येत नाही, म्हणून तो तिला पृथ्वीवर उतरवून निघून जातो. एवढं डोळ्यांनी पाहिलेलं असलं की नव्या भागात तिचा राग कुठून येतो ते सांगावं लागत नाही. 1983 च्या विशेष भागात दोघं भेटले होते, अशी हरकत कोणीतरी जाणकार घेणारच. त्याला चहा गाळायला पाठवा.

डोना नोबल या दुसऱ्या सोबतिणीसाठी 2008 च्या 'जर्नीज एंड'चा शेवटचा पाव तास दाखवा. 2023 च्या 'द स्टार बीस्ट'च्या सुरुवातीला उजळणी आहे खरी, पण तिच्यातून नुसती माहिती कळते. आठवण परत आली तर डोना मरेल, ही भीती मूळ प्रसंग पाहिल्याशिवाय अंगात भिनत नाही, आणि 2023 चा सगळा ताण त्या भीतीवर उभा आहे.

सुतेख या जुन्या खलनायकाच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. 1975 चं 'पिरॅमिड्स ऑफ मार्स' चारही भाग बघा. त्याला आवाज देणारे गॅब्रिएल वूल्फ 2024 मध्ये, म्हणजे 49 वर्षांनी, त्याच भूमिकेत पुन्हा बोलले आहेत. तो आवाज कानात बसलेला असेल तर नव्या भागात नाव उच्चारलं जाण्याआधीच माणूस ताठ बसतो.

डालेकसाठी, म्हणजे धातूच्या कवचातल्या त्या जुन्या शत्रूंसाठी, काहीही बघायची गरज नाही. 2005 चा 'डालेक' हा भाग जुनं पात्र नव्याने कसं आणावं याचा वस्तुपाठ आहे. फौज नाही, युटामधल्या भूमिगत संग्रहालयात साखळदंडांत जखडलेला एकच डालेक. तुंबलेलं सिंक उपसायच्या रबरी पंपासारखा त्याचा हात हा चाहत्यांचा जुना विनोद, तर त्याच हाताने तो माणूस मारतो. याला जिना चढता येत नाही हा दुसरा विनोद, तर तो जिन्यावरून तरंगत वर येतो. ज्याने एकही जुना भाग पाहिलेला नाही तोही घाबरतो, आणि ज्याने सगळे पाहिलेत त्याची चेष्टा त्याच्याच घशात अडकते.

(पुढच्या आणि अगदी शेवटच्या परिच्छेदात 2025 च्या शेवटाचा उल्लेख आहे. पाहिला नसेल तर ते गाळा.)

याच्या उलट गोष्ट राणीची आणि ओमेगाची. राणी ही 1985 ची खलनायिका, ओमेगा त्याहून जुना, 1972-73 च्या 'द थ्री डॉक्टर्स'मधला. राणीसाठी 'द मार्क ऑफ द राणी' बघा, 45 मिनिटांचे दोनच भाग आहेत. ओमेगासाठी 'द थ्री डॉक्टर्स' बघितलंत तर कदाचित हिरमोडच होईल: तिथे मुखवट्याआड काहीच उरलं नाही हे कळून हंबरडा फोडणारा माणूस आहे, 2025 मध्ये नुसता प्रचंड सांगाडा. सुझन, डॉक्टरची नात, 1964 मध्ये मालिकेतून गेली होती. 2025 मध्ये ती क्षणभर दिसते आणि शेवटच्या भागात तिचा पत्ताच नसतो. बैठकीत यावर कडाडून वाद होईल. होऊ द्या, राग रास्त आहे.

रहस्य फुटतं ते बहुधा मित्रांमुळे नाही, यंत्रामुळे. भागांच्या यादीतलं छोटं चित्र आणि खालचा दोन ओळींचा सारांश पाहुणा कोण ते सांगून टाकतो. म्हणून भाग आधी एकट्याने लावून, शीर्षकसंगीतापाशी थांबवून ठेवा आणि मगच टीव्ही सगळ्यांसमोर चालू करा. सबटायटल्समध्ये कधीकधी बोलणाऱ्याचं नाव आवाजाआधी झळकतं. उच्चार समजत नाहीत म्हणून ती हवीच असतील तर पहिल्यांदा त्यांच्यासकट बघा, पण शेवटच्या दहा मिनिटांत बंद करा. भाग संपल्यावर पुढच्याची झलक आपोआप सुरू होते, रिमोट हातात ठेवा.

टीव्हीची सेटिंग्ज पाच मिनिटांचं काम, पण नेमकं तेच राहून जातं. जुने भाग 4:3 आकाराचे आहेत. चित्र ताणून पडदा भरलात तर सत्तरच्या दशकातला डॉक्टर टॉम बेकर बुटका दिसतो, झूम केलात तर डोकी कापली जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. जुन्या मालिकेत स्टुडिओतली दृश्यं व्हिडिओवर आणि बाहेरची फिल्मवर घेतलेली असत, त्यामुळे दार उघडून पात्र बाहेर गेलं की चित्राचा पोतच बदलतो. तो दोष नाही, टीव्हीला तो दुरुस्त करू देऊ नका. मोबाइलवरून टीव्हीवर टाकण्यापेक्षा लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडलेला बरा. मोबाइलच्या नेटवर बघणार असाल तर चांगल्या चित्राला तासाला 2 ते 3 जीबी धरा. इन्व्हर्टर असेल तर राउटरही त्यावर घ्या. टीव्ही चालू आणि नेट गायब, ही फजिती नेहमीची आहे.

वेळ लंडनच्या घड्याळावर ठरते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेचार तास पुढे, एरवी साडेपाच. 2024 चे बरेचसे भाग तिथल्या मध्यरात्री येत, म्हणजे इंदुरात पहाटे साडेचारला. 2025 मध्ये बहुतेक भागांना तिथले सकाळचे आठ, आपल्याकडे दुपारी साडेबारा. ख्रिसमसचा विशेष भाग तिथल्या संध्याकाळी असतो, तेव्हा इकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजतात. तो संपल्यावर सराफा हा रात्रीचा खाऊबाजार चालूच असतो, त्यामुळे स्वयंपाकाची चिंता नको. पहाटेच्या बैठकीला मात्र घरीच पोहे करा: सहा जणांना अर्धा किलो, वर शेव आणि जिरावण मसाला, जलेबी ठेल्यावरून. पोहे भाग संपल्यावर काढा, नाहीतर कढईभोवतीच गर्दी होते.

चर्चेत पहिली दहा मिनिटं नवख्यांची. जाणकारांनी आधी तोंड उघडलं की नवखे 'आम्हाला काय कळतंय' म्हणून गप्प बसतात, आणि पात्र नीट परतलं की नाही हे तर त्यांच्याच प्रतिक्रियेवरून कळतं. विचारा, याला या कथेत काही काम होतं की नुसतं येऊन उभं राहायचं होतं?

2025 च्या शेवटच्या क्षणी बिली पायपर दिसते, त्याआधी नवख्यांना 2005 चा 'रोज' दाखवून ठेवा, त्यात ती डॉक्टरची सोबतीण रोज आहे, 45 मिनिटांचा आहे. आणि 'ही रोजच' किंवा 'हीच नवी डॉक्टर' असं छातीठोकपणे सांगू नका. श्रेयनामावलीत फक्त तिचं नाव आहे, भूमिकेचं नाही.