गोषवारा मंजूर, मुलाखत पुढच्या ऑगस्टात

पीएचडीला नव्याने लागलेल्यांना मी एकच गोष्ट परत परत सांगते. अमेरिकेतल्या कॉन्फरन्सला जायचं मनात आलं ना, त्याच आठवड्यात व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेऊन टाका. होकाराची वाट बघत बसू नका. मी बसले होते.

अमेरिकन जिओफिजिकल युनियनची 2024ची वार्षिक बैठक डिसेंबरात वॉशिंग्टनला होती. जुलैअखेर गोषवारा पाठवला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला होकार आला. लॅबमध्ये पेढे वाटून झाले आणि मग सावकाश फॉर्म भरायला घेतला. आमचे सीनिअर युरोपला जाऊन आलेले. शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करताच येत नाही, त्यामुळे दोन महिने म्हणजे पुष्कळ, असा सगळ्यांचाच समज. डीएस-160 हा व्हिसाचा फॉर्म भरला, 185 डॉलर भरले (जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीच्या महिन्याच्या 37,000 मधून पंधरा-सोळा हजार एकदम गेले की उरलेला महिना कसा जातो ते विचारू नका) आणि कॅलेंडर उघडलं. मुंबईची पहिली मोकळी तारीख पुढच्या वर्षीच्या ऑगस्टातली!

सर म्हणाले, "इमर्जन्सी टाक." नियम वाचायला घेतले, तर तातडीची मुलाखत कशासाठी मिळणार नाही याची यादीच दिलेली: लग्न, पदवीदान, गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणं, आणि वार्षिक शैक्षणिक परिषद. म्हणजे आमचंच नाव. शिवाय ज्यांचं कारण बसतं त्यांनाही आधी साधी तारीख घेतल्याशिवाय तातडीचा अर्ज करता येत नाही.

म्हणून हाताला लागेल ती तारीख आधी धरायची, कितीही लांबची असो. लोक रद्द करतात, पुढे ढकलतात, आणि मधल्या तारखा मोकळ्या होतात. संकेतस्थळावरचा प्रतीक्षेचा आकडा अंदाजाचा असतो. तो तुम्हाला लागू होईलच असं नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबईत बी1/बी2 साठी (कामानिमित्त किंवा फिरायला जायचा व्हिसा, कॉन्फरन्सला हाच लागतो) 999 दिवस दाखवत होते, तरी माणसं जातच होती. आकडा बघताना रकाना नीट बघा. विद्यार्थी व्हिसाचा (एफ-1) वेगळा, आपला वेगळा. माझ्या मैत्रिणीने एफ-1चा आकडा वाचून उगाच पार्टी दिली होती.

मी सकाळ-संध्याकाळ एकेकदा बघायचे. दर पाच मिनिटांनी आत-बाहेर केलं तर खातं काही काळ बंद पडतं, ते मी एकदा भोगलं. तिसऱ्या आठवड्यात कोलकात्याची नोव्हेंबरातली तारीख दिसली. दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, कुठेही मुलाखत देता येते; बोटांचे ठसे मी मुंबईतच दिले. आता मात्र जपून. 1 जानेवारी 2025 पासून तारीख एकदाच फुकट बदलता येते, पुढच्या वेळी शुल्क नव्याने. पंधरा दिवस अलीकडे मिळतायत म्हणून ती संधी उडवू नका.

कोलकात्यातली अमेरिकी वकिलात हो ची मिन्ह सरणीवर आहे. हो ची मिन्ह म्हणजे अमेरिकेशी लढलेला व्हिएतनामचा नेता, त्यामुळे रस्त्याला हे नाव देणाऱ्याची मला फार गंमत वाटली. फोन आत नेता येत नाही, म्हणून लॉजवर ठेवला आणि पत्ता हातावर लिहून निघाले. रांगेत दीड तास, खिडकीपाशी जेमतेम दोन मिनिटं. विषय काय? सह्याद्रीच्या बेसॉल्टमधलं चुंबकत्व. खर्च कोण करतंय? पीएचडी कधी संपणार? शेवटच्या प्रश्नावर मी खरंच अडखळले, तर अधिकारी हसला. चार इंच जाडीची फाइल उघडलीसुद्धा नाही. पासपोर्ट आत ठेवून घेतला, म्हणजे झालं काम.

विमानाचं तिकीट तोवर जवळजवळ दुप्पट झालं होतं, ते वेगळंच.

व्हिसा मात्र दहा वर्षांचा मिळाला, आणि खरी मेख इथेच आहे. तो एका कॉन्फरन्सला बांधलेला नसतो, निमंत्रणपत्राची सक्तीही नसते. फॉर्ममध्ये प्रवासाचे बेत पक्के आहेत का असं विचारतात. तिथे 'नाही' म्हटलेलं चालतं, अंदाजे तारीख घालायची. परवा आमच्या पहिल्या वर्षाच्या ज्युनिअरने फॉर्म भरला. त्याचा अजून प्रबंधाचा विषयसुद्धा ठरलेला नाही.