त्वचेच्या पेशींवर ईजीएफआरचा अभ्यास करताना या चुका टाळा

बाह्यत्वचेतील केराटिनोसाइट पेशींनी (ज्यांच्यापासून हा थर बनतो) विभागत राहावे की विभाजन थांबवून वरच्या थरांकडे सरकावे, हे ठरवण्यात ईजीएफआर या रिसेप्टरचा, म्हणजे ईजीएफ हे वाढीला चालना देणारे प्रथिन पकडून संदेश आत पोचवणाऱ्या पेशीवरच्या रेणूचा, वाटा मोठा असतो. बायोकेमिस्ट स्टॅनली कोहेन यांनी 1962 मध्ये उंदराच्या लाळग्रंथीतून ईजीएफ वेगळे केले, तेव्हा त्याची पहिली खूण होती ती नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडण्याची. त्यामुळे ईजीएफ घातले की रिसेप्टर चालू आणि न घातले की बंद, असे सोपे गणित मनात बसते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक चुकांचे मूळ याच गणितात असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कंट्रोल प्लेट, म्हणजे तुलनेसाठी ईजीएफ न देता ठेवलेल्या पेशी, शांत आहे असे गृहीत धरणे. माझ्याकडे काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या ब्लॉटमध्ये (चालू झालेला रिसेप्टर अँटिबॉडीने पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) तीन आठवडे ईजीएफ न दिलेल्या पेशींचा पट्टा ईजीएफ दिलेल्या पेशींइतकाच गडद येत होता. "मॅडम, अँटिबॉडीच खराब आहे, नवी मागवू या," असे तिचे म्हणणे होते. मी तिला फ्रिजमधली मीडियमची (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवाची) बाटली आणायला सांगितली. झाकणावर मार्करने लिहिलेली खूण स्पिरिटने पुसून पुसून फिकट झाली होती. दिव्याखाली तिरपी धरल्यावर 'सप्लिमेंट घातले' एवढे कसेबसे वाचता आले. मीडियमबरोबर येणाऱ्या त्या छोट्या कुपीत पिट्युइटरीच्या अर्कासोबत ईजीएफही असते. म्हणजे तिच्या कंट्रोलला पहिल्या दिवसापासून ईजीएफ मिळत होते.

नव्या, साध्या मीडियमवर प्रयोग केल्यावर पट्टा फिकट झाला, पण नाहीसा झाला नाही, आणि यावेळी दोष कोणाचाच नव्हता. केराटिनोसाइट स्वतःच अँफिरेग्युलिन आणि टीजीएफ-अल्फा हे ईजीएफसारखे रेणू तयार करतात. हे रेणू आधी पेशीच्या पटलात रोवलेले असतात, एडीएएम17 सारखे एन्झाइम त्यांना कापून मोकळे करते आणि मग ते त्याच किंवा शेजारच्या पेशीच्या ईजीएफआरला जाऊन चिकटतात. या स्वतःच्या पुरवठ्यामुळे बाहेरून काही न देताही रिसेप्टर थोडाफार चालूच राहतो. म्हणून मी प्रत्येक ब्लॉटमध्ये एक जास्तीची लेन (नमुन्याची रांग) ठेवते, ज्यातील पेशींना आधी जेफिटिनिब किंवा एजी1478 हे ईजीएफआर रोखणारे औषध दिलेले असते. खरी तळरेषा तीच. पेशींना ईजीएफविना उपाशी ठेवण्याच्या मीडियमची बाटली मी कोणाशीही वाटून घेत नाही, तिच्यावर नाव आणि तारीख असते, आणि कंट्रोल प्लेटलाही ईजीएफचे द्रावक तेवढ्याच प्रमाणात, त्याच तापमानाला देते.

दुसरी चूक वेळेची. रिसेप्टरचे फॉस्फोरिलेशन, म्हणजे चालू झाल्याची खूण असलेले फॉस्फेट त्याला जोडले जाणे, काही मिनिटांतच शिगेला पोचते, त्यानंतर रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो आणि त्यातला बराचसा नष्ट होतो. सहा तासांनी प्लेट काढून "सिग्नलच नाही" म्हणणाऱ्यांनी आधी पाच मिनिटांची प्लेट काढलेली असावी, आणि फॉस्फो-ईजीएफआरसोबत एकूण ईजीएफआरही मोजलेला असावा. प्लेट लगेच बर्फावर गेली पाहिजे. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) घालायचे ऑर्थोव्हॅनाडेट, जे ही फॉस्फेटची खूण पुसली जाऊ देत नाही, ते आधी पीएच 10 ला उकळून रंगहीन करून घ्यावे. हा अर्धा तास वाचवणारे पुढे आठवडा घालवतात.

कॅल्शियमकडे तर कोणी पाहतच नाही. नेहमीच्या डीएमईएम या मीडियममध्ये ते 1.8 मिलिमोलर असते, आणि 0.1 मिलिमोलरच्या वर गेले की सामान्य केराटिनोसाइट विभाजन सोडून परिपक्व होऊ लागतात. मग ईजीएफ कितीही ओता, वाढ दिसत नाही. हाकॅट पेशी (प्रयोगशाळेत अखंड वाढणारे केराटिनोसाइट) डीएमईएममध्येही वाढतात, म्हणून त्यांच्यावरचा निष्कर्ष सामान्य पेशींना जसाच्या तसा लावू नये.

ए431 या कर्करोगाच्या पेशींवर ईजीएफआर अफाट संख्येने असतो आणि भरपूर ईजीएफ दिल्यास त्यांची वाढ उलट थांबते. या पेशी ब्लॉटच्या पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी, म्हणजे सिग्नल नक्की दिसेल अशा तुलनेसाठी ठीक, त्वचेचा नमुना म्हणून नाही. फॉस्फो-अँटिबॉडी वापरताना ब्लॉटची मोकळी जागा झाकायला दुधाऐवजी बीएसए हे रक्तातले प्रथिन वापरावे, कारण दुधातले केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे.

एमटीटी या रंगाच्या चाचणीचा जांभळा रंग वाढला म्हणजे पेशी विभागल्या, असे लिहिलेले मी अजूनही वाचते आणि दर वेळी तितकीच अस्वस्थ होते. एमटीटी पेशींचा चयापचय मोजते. ईजीएफमुळे तोही वाढतो, तेव्हा पेशींची संख्या तेवढीच असूनही रंग गडद येऊ शकतो. मी ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) घालून हिमोसायटोमीटर या मोजणीच्या काचेवर पेशी हाताने मोजते आणि सोबत बीआरडीयू लावते, जे नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरते. वेळ लागतो, पण विभाजनाचा दावा करायचा तर डीएनए दुप्पट झाल्याचा पुरावा हवाच.

एक चूक प्रयोगशाळेबाहेरची आहे. कर्करोगासाठी अर्लोटिनिब किंवा सेटुक्सिमॅब ही ईजीएफआर रोखणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्यावर आणि छातीवर पुरळ येते, कारण ट्यूमरबरोबर त्वचेतल्या ईजीएफआरलाही खीळ बसते. त्यात मुरुमांसारखे काळे-पांढरे कॉमेडोन नसतात. तरी घरचे लोक मुरुमांची क्रीम आणून लावतात, आणि आधीच पातळ, कोरडी पडलेली त्वचा आणखी सोलवटते. तिथे मॉइश्चरायझर, उन्हापासून संरक्षण आणि ऑन्कॉलॉजिस्टला दाखवणे एवढेच करावे, आणि कर्करोगाचे औषध आपल्या मनाने बंद करू नये.