ओपन सोर्स प्रकल्पाचा विकिपीडिया लेख: आधी संदर्भ मोजा, मग मसुदा लिहा

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर तारे (पसंतीच्या खुणा) वाढले, डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेज गेले, की चमूतले कोणीतरी म्हणतेच, "आता विकिपीडियावर पान करून टाकू." मग रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल) समोर ठेवून एका बैठकीत लेख उभा राहतो आणि आठवडाभरात उडतो. लिहिणाऱ्याला वाटते, प्रचालकांना (लेख हटवण्याचे अधिकार असलेल्या स्वयंसेवकांना) ओपन सोर्सचे वावडे आहे. खरे कारण साधे असते: लेख लिहिण्याआधी करायचे काम झालेलेच नसते.

प्रकल्प किती उपयोगी आहे, कोड किती सुबक आहे, हे विकिपीडिया विचारत नाही. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या लोकांनी, विश्वासार्ह ठिकाणी, त्याविषयी सविस्तर लिहिले आहे का, एवढेच पाहिले जाते. याला उल्लेखनीयता म्हणतात. लेफ्ट-पॅडचे उदाहरण घ्या. अवघ्या ११ ओळींचा कोड. मार्च २०१६ मध्ये तो एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारावरून काढला गेला, जगभरचे बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम) अडले आणि वृत्तमाध्यमांनी त्यावर लिहिले. इंग्रजी विकिपीडियावर त्या घटनेचा लेख आहे. त्याहून कितीतरी मोठ्या आणि रोज वापरल्या जाणाऱ्या लायब्रऱ्यांचे (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडचे) लेख नाहीत, कारण त्यांच्याविषयी बाहेर कोणी लिहिलेलेच नाही. हे अन्यायाचे वाटेल, पण नियम असाच आहे आणि त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नये.

पुढची कृती मुख्यतः इंग्रजी विकिपीडियासाठी आहे, कारण बहुतेक प्रकल्प पहिला प्रयत्न तिथेच करतात. मराठीविषयी शेवटी.

संदर्भांचा तक्ता

स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक संदर्भाला एक ओळ आणि चार रकाने: लेखकाचा प्रकल्पाशी काही संबंध आहे का, छापणाऱ्या ठिकाणी संपादक आहे का, फक्त तुमच्या प्रकल्पावर किती परिच्छेद आहेत, लेखकाने स्वतःचे काही मत, चाचणी, तुलना मांडली आहे की तुमचीच घोषणा पुन्हा छापली आहे. चारही रकान्यांत उत्तर समाधानकारक असेल तरच तो संदर्भ धरा. असे किमान तीन हवेत. तीन हा आकडा कुठल्या नियमात लिहिलेला नाही, पण मसुदे तपासणारे परीक्षक साधारणपणे "सर्वांत चांगले तीन संदर्भ दाखवा" असेच विचारतात.

एलडब्ल्यूएन, आर्स टेक्निका, जर्मनीचे हाइजे यांसारख्या तंत्रज्ञानविषयक वृत्तस्थळांवर वार्ताहराने लिहिलेला स्वतंत्र लेख चालतो. प्रस्थापित प्रकाशकाच्या पुस्तकातले तुमच्या प्रकल्पावरचे प्रकरण चालते, अर्थात लेखक तुमच्या चमूतला नसेल तर. दुसऱ्या संशोधकांनी तुमचे सॉफ्टवेअर इतरांशी ताडून पाहिलेला शोधनिबंध उत्तम.

न चालणाऱ्यांची यादी जास्त लांब, आणि खरी फसगत तिथेच होते. तारे, डाउनलोड, फोर्क (इतरांनी काढलेल्या कोडच्या प्रती) यांचे आकडे बाद. डिस्ट्रोत (लिनक्स वितरणात) पॅकेज असणे बाद. हॅकर न्यूज, रेडिट, मीडियम, यूट्यूब बाद. परिषदेत चमूतल्याच कोणी दिलेले व्याख्यान बाद. फोर्ब्सच्या संकेतस्थळावर बाहेरच्या योगदात्यांनी लिहिलेले लेख विकिपीडियावर सहसा विश्वासार्ह धरत नाहीत. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधला निबंध पाहून पुष्कळ जण निर्धास्त होतात. पण तो निबंध सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच लिहिलेला असतो, त्यामुळे तपासलेला असला तरी स्वतंत्र नाही. तो माहितीसाठी वापरा, उल्लेखनीयतेच्या तक्त्यात शून्य धरा. "दहा उपयुक्त साधने" छापाच्या यादीतल्या दोन ओळीही शून्यच. भारतीय वृत्तपत्रांबाबत परीक्षक जास्त सावध असतात. पैसे देऊन छापलेला मजकूर बातमीसारखा दिसतो हे त्यांना ठाऊक आहे. लेखाखाली वार्ताहराच्या नावाऐवजी "ब्रँड डेस्क" असे काही असेल तर तो संदर्भ तक्त्यातून काढून टाका.

मुक्त सॉफ्टवेअरसाठी काही अनौपचारिक संदर्भ चालवून घ्यावेत, असे सांगणारा एक निबंध इंग्रजी विकिपीडियावर आहे. तो निबंध आहे, धोरण नव्हे. त्याच्या भरवशावर मसुदा पाठवू नका. प्रकल्पामागे कंपनी असेल तर परीक्षक कंपन्या आणि उत्पादनांसाठीचे कडक निकष लावतात.

तीन संदर्भ जमले नाहीत तर इथेच थांबा. अर्धा डझन कच्चे संदर्भ जोडून एक पक्का होत नाही. उलट परीक्षकाला ते वीस मिनिटे वाचावे लागतात आणि तो वैतागतो. तोवर प्रकल्पाच्या संकेतस्थळावर तारखांसह इतिहास, प्रत्येक आवृत्तीची नोंद, परवाना आणि चांगली चित्रे नीट मांडून ठेवा. बाहेरच्या लेखकाला त्याचाच उपयोग होतो.

खाते आणि संबंध जाहीर करणे

खाते व्यक्तीच्या नावे किंवा टोपणनावाने काढा. प्रकल्पाचे किंवा कंपनीचे नाव वापरले तर खाते रोखले जाते, आणि एक खाते चमूत वाटून घेणेही चालत नाही. सदस्य पानावर पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहा: मी अमुक प्रकल्पाचा देखभालकर्ता आहे. मसुद्याच्या चर्चा पानावरही तेच. स्वयंसेवक असाल तर हा हितसंबंध एवढाच जाहीर करायचा. पगार मिळत असेल तर बाब वेगळी. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींनुसार २०१४ पासून मोबदला घेऊन केलेल्या संपादनात मालक, ग्राहक आणि संबंध सांगणे सक्तीचे आहे. म्हणजे मुंबईच्या फ्रॅपेचे ईआरपीनेक्स्ट आहे तसा, कंपनीच्या छत्राखालचा ओपन सोर्स प्रकल्प असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्याने ही नोंद केलीच पाहिजे. विकिपीडियासाठी वेगळे पैसे मिळाले नाहीत, ही सबब चालत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर ४ दिवस आणि १० संपादने झाली की थेट लेख बनवता येतो. दहा ठिकाणी स्वल्पविराम घालून अकराव्या संपादनात आपल्या प्रकल्पाचा लेख टाकणारे खाते गस्त घालणाऱ्यांना लगेच ओळखू येते. संबंध असलेल्याने मसुदा नामविश्वातूनच (मसुद्यांच्या वेगळ्या विभागातूनच) जावे आणि परीक्षणासाठी पाठवावे.

मसुदा

तीनशे-चारशे शब्द पुरेत. पहिल्या वाक्यात सॉफ्टवेअर काय आहे, कशासाठी आहे आणि कोणत्या परवान्याखाली आहे. मग इतिहास, मग थोडक्यात रचना, आणि शेवटी इतरांनी केलेले मूल्यमापन. या शेवटच्या भागात टीकाही हवी. ती नसेल तर मसुदा पत्रकासारखा वाचतो. मजकुराचा मोठा भाग स्वतंत्र संदर्भांवर उभा असावा. आवृत्ती क्रमांक, प्रोग्रॅमिंग भाषा असे निर्विवाद तपशील तेवढे प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून घ्या.

इन्स्टॉल करण्याच्या पायऱ्या, आवृत्तीगणिक बदलांची यादी, वैशिष्ट्यांची वीस ठिपक्यांची यादी आणि वाक्यावाक्यात पेरलेले बाहेरचे दुवे काढून टाका. "शक्तिशाली", "अत्याधुनिक", "सहज वापरता येणारे" हे शब्दही गाळा. केवळ महत्त्व दिसत नाही म्हणून कंपनीचा लेख तडकाफडकी काढता येतो. सॉफ्टवेअरला तो निकष लागू नाही. जाहिरात म्हणून मात्र काढता येतो, आणि तिथे हेच शब्द नडतात.

रीडमी चिकटवू नका, तो तुम्हीच लिहिलेला असला तरी. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए ४.० या मुक्त परवान्याखाली असतो, आणि जीपीएल या सॉफ्टवेअर परवान्याखालचे दस्तऐवज त्यात आणता येत नाहीत. प्रताधिकार भंगाचा शिक्का बसलेला मसुदा दुरुस्तीसाठीही उरत नाही.

बोधचिन्हाचा घोळ नेहमीचा. विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रभांडारात मुक्त परवान्याचीच चित्रे चालतात. कोडचा परवाना बोधचिन्हालाही लागू आहे का, हे बहुतेक रिपॉझिटरींत (कोडच्या साठ्यांत) लिहिलेले नसते. चित्रांच्या फोल्डरमध्ये वेगळी परवाना फाइल टाका, उदाहरणार्थ सीसी बाय-एसए ४.०. मुक्त परवाना द्यायचा नसेल तर लेख मुख्य नामविश्वात (लेखांच्या विभागात) जाईपर्यंत थांबा, कारण मुक्त नसलेले चित्र मसुद्यात ठेवता येत नाही. स्क्रीनशॉटमध्ये विंडोजची चौकट, कोणाचा वॉलपेपर किंवा दुसऱ्याचा मजकूर दिसता कामा नये.

पाठवल्यानंतर

उत्तराला काही आठवडे लागतात, कधी महिने. मसुदा परत आला तर शेरा नीट वाचा. "अमान्य" म्हणजे सुधारून पुन्हा पाठवता येतो. "फेटाळला" म्हणजे परीक्षकाच्या मते सुधारण्यासारखे काही नाही. नवे संदर्भ न जोडता तोच मसुदा पुन्हा पाठवला की "अमान्य"चा "फेटाळला" होतो. सहा महिने कोणी हात लावला नाही तर मसुदा हटवला जातो, पण विनंती केल्यावर परत मिळतो.

परत आलेल्या मसुद्यांवर डोळा ठेवणारे काही लोक असतात. "आम्ही प्रचालक आहोत, पैसे द्या, लेख लावून देतो" अशी ईमेल येते. २०१५ मध्ये अशाच एका टोळीची ३८१ खाती इंग्रजी विकिपीडियाने रोखली आणि त्यांचे दोनशेहून अधिक लेख हटवले. उत्तर देऊ नका.

लेख लागला आणि पुढे हटवण्याच्या चर्चेत आला, तर ती चर्चा साधारण ७ दिवस चालते. इथला मोह म्हणजे डिस्कॉर्ड किंवा मॅस्टोडॉनवर हाक देणे. २०१० मध्ये डीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरच्या (पडद्यावरच्या खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लेखावरून असाच गदारोळ झाला होता. बाहेरून आलेल्या नव्या खात्यांच्या "ठेवा, ठेवा" ने फरक पडत नाही, कारण मते मोजली जात नाहीत, मुद्दे तोलले जातात. शिवाय चर्चेवर तसा इशारा लागतो आणि खऱ्या मुद्द्यांकडेही संशयाने पाहिले जाते. संबंध सांगून एकदाच लिहा, तक्त्यातले तीन संदर्भ द्या आणि बाजूला व्हा. लेख मोठ्या विषयाच्या लेखात विलीन करण्याचा पर्याय आला तर तो स्वीकारण्यात नुकसान नाही. इतिहास राहतो, पुढे संदर्भ मिळाले की लेख वेगळा काढता येतो.

लेख टिकला तरी तो तुमचा नाही. आवृत्ती क्रमांकासारखी किरकोळ दुरुस्ती स्वतः करा. बाकी बदल चर्चा पानावर विनंती म्हणून मांडा: कोणते वाक्य, त्याऐवजी कोणते, संदर्भ कोणता. सुरक्षेतल्या एखाद्या भोकाची बातमी लेखात आली तर ती काढायला जाऊ नका.

विकिडेटा आणि मराठी

लेखाइतके संदर्भ नसले तरी विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या सोबतच्या माहितीसाठ्यात, नोंद होऊ शकते. तिथे गोष्ट स्पष्ट ओळखता यावी आणि गंभीर, सार्वजनिक संदर्भांत तिचे वर्णन असावे, एवढी अट आहे. भरायचे गुणधर्म, विकिडेटावरच्या त्यांच्या क्रमांकांसह: परवाना पी२७५, कोडचा दुवा पी१३२४, प्रोग्रॅमिंग भाषा पी२७७, विकसक पी१७८, आवृत्ती पी३४८, संकेतस्थळ पी८५६. आवृत्तीसोबत तारीख जोडा आणि ताज्या आवृत्तीला पसंतीचा दर्जा द्या, नाहीतर जुनी आवृत्ती सगळीकडे दिसत राहते.

मराठी विकिपीडिया स्वतंत्र आहे. इंग्रजीत लेख आहे म्हणून मराठीत आपोआप चालेल असे नाही, आणि इंग्रजीत अमान्य झालेला मजकूर मराठीत सरकवायचा प्रयत्नही करू नये. सराव धूळपाटी या सरावाच्या पानावर करा, शंका चावडी या चर्चेच्या पानावर विचारा. संदर्भ इंग्रजी असले तरी चालतात. इंग्रजी लेखाचा अनुवाद करत असाल तर संपादन सारांशात मूळ लेखाचा दुवा द्या, कारण मूळ लेखकांना श्रेय देणे ही परवान्याचीच अट आहे. विकिपीडियाचे अनुवादाचे साधन वापरले तर ही नोंद आपोआप होते, पण त्यातला यांत्रिक मराठी मजकूर वाक्यवाक्य तपासल्याशिवाय प्रकाशित करू नका.